घास अडकायचा ते वर्ष

नवं राज्य झालं तेव्हा मी सोळा वर्षांची होते. ‘मध्यप्रदेश’ हे नाव घरात रुळायच्या आतच अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, कचेरी भोपाळला गेली. तसे ते आधीही वर्षातले काही महिने बाहेर असायचे. जुन्या राज्याची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात आमच्या इंदुरात असे, त्यामुळे फायलींच्या पेट्या आणि कारकून दर वर्षी इकडून तिकडे जात. पण ते जाणं परत येण्यासाठी असायचं. हे जाणं वेगळं होतं. भोपाळला घरं मिळत नव्हती. अण्णा आणि आणखी तीन जण एका खोलीत राहू लागले, आणि रामबागेतल्या आमच्या भाड्याच्या घरात आम्ही तिघी उरलो: आई, मी आणि आत्या. आत्या अण्णांची थोरली बहीण. विशीच्या आतच विधवा होऊन माहेरी आलेली. स्वयंपाकघर तिचं होतं, आणि स्वयंपाकघर जिचं घर तिचं, हे आमच्याकडे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

पहिला घास अडकला तो पोह्यांचा. अण्णा ज्या दिवशी निघाले त्याच सकाळी. आष्टा-सिहोरवरून जाणारी बस पकडायची म्हणून सगळे घाईत खात होते. पोह्यांवर शेव, वर लिंबू, रोजच्यासारखंच. एक घास गिळला आणि तो छातीच्या मधोमध येऊन थांबला. गळ्यात नाही, त्याच्या बराच खाली. मी पाणी प्यायले, तर पाणीही त्याच्यावर येऊन उभं राहिल्यासारखं वाटलं. मग मी उठले, खांदे मागे घेऊन मोठा श्वास घेतला, तेव्हा गुडगुड असा आवाज होऊन ते सगळं खाली गेलं. डोळ्यांत पाणी आलं होतं. अण्णांनी ते पाहिलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना वाटलं मी त्यांच्यासाठी रडते आहे. रडू येत नव्हतं असंही नाही. त्यामुळे मी काही बोलले नाही.

पुढच्या सगळ्या गैरसमजाची सुरुवात त्या सकाळी झाली असं मला आता वाटतं, आणि तिथे दोष कुणाचाच नव्हता.

आठवड्यातून एकदा अडकणारा घास मग एक दिवसाआड अडकू लागला. पोळी जास्त त्रास द्यायची, भात थोडा कमी. कधी साधं पाणीही खाली जायला तयार नसायचं. मग खाल्लेलं वर यायचं, तसंच्या तसं. मळमळ नाही, पोटात ढवळणं नाही. तोंडात येऊन उभं राहायचं. मी मोरीत जाऊन थुंकायची आणि चूळ भरून परत यायची. चारचौघांत बसून जेवायची मला लाज वाटू लागली. शाळेत डबा उघडणं बंद केलं. ‘अडकतं’ हा शब्द मी एकदा आत्याला म्हणून पाहिला. ती म्हणाली, “सावकाश चावून खा. बकाबका खाल्लं की अडकतंच.” तिचंही खोटं नव्हतं.

मग मला उपासांचा शोध लागला. आत्या सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी असं सगळं करायची. मीही तिच्याबरोबर करू लागले. उपास असला की कुणी ‘जेव’ म्हणत नाही. उलट शेजारणी कौतुक करत. ताकाची वाटी आणि शिजवलेलं रताळं हळूहळू कसंतरी उतरायचं. माझ्या भक्तीची कीर्ती आमच्या गल्लीत पसरली. समोरच्या घरातल्या मालवी काकी हात जोडून म्हणायच्या, “छोरी तो देवी है.” मला मनातून हसू यायचं आणि थोडं पापही वाटायचं.

उपास नसेल त्या दिवशी पोळ्या लपवायच्या. दप्तरात कागदात गुंडाळून ठेवायच्या आणि शाळेच्या वाटेवर गवळ्याच्या गोठ्यापाशी गाईला घालायच्या. हे दोन महिने चाललं. मग एका सकाळी तो गवळी स्वतः दूध घालायला आला आणि आत्याला अगदी मनापासून म्हणाला, “बाईसाहब, आपकी बिटिया रोज गैया को रोटी खिलाती है, दो-दो रोटी. बड़ी धरम वाली लड़की है.”

आत्याने दूध घेतलं, झाकण लावलं आणि मला हाक मारली.

“किती दिवस?”

मी खरं सांगितलं. तिने मारलं नाही. आत्याने मला कधीच मारलं नाही. पण त्या दिवसापासून ती माझ्यावर लक्ष ठेवू लागली, आणि लक्ष ठेवल्यावर तिला जे दिसलं ते सगळं माझ्या विरुद्धच होतं. पोरगी उपासांच्या नावाखाली जेवत नाही. पोळ्या गाईला घालते. जेवली की मोरीत जाते आणि ओकून येते. गळ्याची हाडं दिसायला लागली आहेत. एकदा मी मोरीत वाकले असताना ती मागून आली. मी तोंड पुसत होते. “बोटं घालतेस?” तिने विचारलं. मी नाही म्हटलं. तिला ते पटलं नाही, आणि मला तिची पंचाईत कळत होती. पोळ्यांबद्दल खोटं वागलेल्या मुलीवर विश्वास तरी कसा ठेवायचा?

शेजारपाजारच्या लोकांनी आपापली कारणं शोधली. कुणी म्हणालं, स्थळं यायला लागली म्हणून लग्न टाळते आहे. कुणी म्हणालं, सिनेमातल्या नटीसारखी कंबर हवी आहे हिला. मालवी काकींनी मिरच्या-मीठ ओवाळून चुलीत टाकलं. “नजर लागी गी,” असं त्या म्हणाल्या.

आत्याने शेवटी पाट समोर ओढला आणि जेवताना ती माझ्यासमोर बसू लागली. “गिळ,” म्हणायची. मी एक घास गिळायची, मग दुसरा. “गिळ.” चौथ्या-पाचव्या घासाला सगळं वर यायचं, कधी ताटातच. एकदा असं झाल्यावर ती पदराने माझं तोंड पुसत स्वतःच रडायला लागली. म्हणाली, “तुझ्या बापाला मी काय सांगू?”

आमचे डॉक्टर म्हातारे होते, बाबा म्हणायचो आम्ही सगळी मुलं त्यांना. माझी गोवर त्यांनीच पाहिलेली. ते चामड्याची पेटी घेऊन घरी आले, जीभ पाहिली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, पोट दाबलं, छातीला नळी लावली. ताप नाही, खोकला नाही, क्षयाचं भय नाही, असं म्हणाले. मग आईला आणि आत्याला ओसरीवर घेऊन गेले. मध्ये एक पातळ भिंत होती. मला सगळं ऐकू आलं.

“पोटात काही दोष नाही. वडील लांब गेले, ते मनाला लागलंय. या वयात मुलींचं असं होतं. मन रुसलं की अन्नावर राग काढतात. फार विचारू नका, फार लाडही करू नका. आपोआप ताळ्यावर येईल.”

त्यांनी झोपेचं गोडसर मिक्श्चर दिलं. ते मात्र बऱ्यापैकी खाली उतरायचं.

मला इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायची आहे. डॉक्टर जे म्हणाले ते मलाही पटलं. घास अडकतो हे मला रोज कळत होतं, पण तो मनामुळे अडकत असेल असंही वाटू लागलं. कारण मनात खरंच काही होतं. अण्णा आधी महिन्यातून एकदा यायचे, ते आता दर शनिवारी येऊ लागले होते. त्यांची पत्रं लांब झाली होती, आणि आधी आईच्या नावाने येणारी पत्रं माझ्या नावाने येत होती. शाळेत एक-दोन मुलींनी माझी कंबर पाहून “क्या बात है” म्हटलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं. आरशापुढे उभी राहून मी मनगटाभोवती अंगठा आणि करंगळी जुळवून बघायची, आणि ती जुळली की काहीतरी मिळवल्यासारखं वाटायचं. आजारी मुलीला असं वाटत नाही, असं मला तेव्हा वाटे. म्हणून मी गुन्हेगार ठरले होते, माझ्या स्वतःच्याच नजरेत.

मॅट्रिकची परीक्षा मी कशीबशी दिली. मे महिन्यात अण्णा पंधरा दिवसांची रजा घेऊन आले. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे हाच इलाज होता: वडील लांब गेले म्हणून मुलगी जेवत नाही, तर वडिलांनी घरी बसावं.

ते पंधरा दिवस फार छान गेले. अण्णा सकाळी मला पेपर वाचून दाखवायचे. संध्याकाळी आम्ही लालबागेच्या बाजूला फिरायला जायचो, मी दमले की कुठेतरी कठड्यावर बसायचो. अण्णा भोपाळच्या खोलीतले किस्से सांगायचे. चौघांपैकी एकाला घोरायची सवय होती, त्याला बाकीच्यांनी तळ्याकाठी झोपायला पाठवलं वगैरे. मी खूप हसायची. मी इतकी आनंदात होते की मलाच वाटलं, आता सगळं ठीक होणार. आणि जेवायला बसलं की घास अडकायचा. आमरस थोडा उतरायचा. पोळी नाही. अण्णांसमोर, अण्णांच्या शेजारच्या पाटावर बसून, अण्णा मला गोष्ट सांगत असताना, सगळं वर आलं.

मी मोरीतून परत आले तेव्हा अण्णा हात न धुता तसेच बसले होते.

“अण्णा, मी मुद्दाम करत नाही.”

“माहीत आहे मला,” ते म्हणाले. मग म्हणाले, “म्हणजे, माहीत असावं अशी माझी इच्छा आहे. तू सांगतेस तर खरंच असणार.”

त्यांनी खोटा धीर दिला नाही याचं मला फार बरं वाटलं. डॉक्टर-बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, आता सवय लागली असेल. रजा संपली, अण्णा परत गेले.

या सगळ्यात आईबद्दल मी अजून काहीच लिहिलं नाही, कारण ती काही बोलतच नव्हती. आई मुळातच कमी बोलणारी. आत्यासमोर तर ती प्रश्नाचं उत्तर द्यायची तेवढीच. धुणं मात्र तिचं होतं. आणि माझ्या उशीची खोळ तिला रोज धुवावी लागायची. निजले की आतलं अन्न वर यायचं आणि सकाळी उशीवर डाग असायचा, कधी भाताची शितंसुद्धा. मला लाज वाटायची म्हणून मी खोळ काढून बादलीत बुडवून ठेवायची. आई ती उपसून बघायची, हे मला माहीत नव्हतं.

जूनमध्ये एके सकाळी मिलचा भोंगा होऊन गेल्यावर ती खोळ हातात घेऊन स्वयंपाकघरात आली आणि आत्याच्या नाकापुढे धरली. “वन्सं, वास घ्या.”

आत्या मागे सरकली. “वेड लागलं का तुला?”

“घ्या ना. ओकारीचा आंबट वास येतो का?”

आत्याने नाक मुरडत वास घेतला. मग पुन्हा घेतला. “नाही,” ती म्हणाली. “भाताचा येतोय. शिळ्या भाताचा.”

“मला हिच्या वेळी पाच महिने ओकाऱ्या होत होत्या. त्याआधी गेलेल्या दोघांच्या वेळीही तेच. ओकारी कशी असते ते मला ठाऊक आहे. पोटात गेलेलं अन्न आंबतं. हिचं आंबलेलं नाही. काल दुपारचा भात आहे हा, आणि तो पोटात गेलेलाच नाही. मग तो एवढा वेळ होता कुठे?”

मी दारात उभी होते. आईने इतकी मोठी वाक्यं एका दमात बोललेली मी कधी ऐकली नव्हती. आत्याने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि म्हणाली, “डॉक्टर-बाबांना सांग.”

“सांगितलं. मागच्या महिन्यात. ते म्हणाले, वासावर औषध देता येत नाही.”

त्याच दिवशी आईने टांगा बोलावला. मला आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती न धुतलेली खोळ घेऊन ती मोठ्या सरकारी दवाखान्यात गेली. याआधी ती एकटी बाजारापलीकडे गेलेली मला आठवत नाही. बाकावर दोन तास बसावं लागलं. ती पदर सावरून, पुडकं मांडीवर घेऊन, अगदी ताठ बसली होती.

आत जे डॉक्टर होते ते पस्तिशीचे असतील. जबलपूरकडचे, नवं राज्य झाल्यावर बदली होऊन आलेले. ज्या बदलांनी अण्णांना भोपाळला नेलं त्याच बदलांनी यांना इंदूरला आणलं, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं. शिक्षण नागपूरला झालेलं, म्हणून मराठी समजायची. बोलायचे मात्र हिंदी. आईने पुडकं टेबलावर ठेवलं आणि सकाळी आत्याला सांगितलं तेच सांगितलं. मला वाटलं, आता हे हसणार. ते हसले नाहीत. त्यांनी खोळ उघडली, वास घेतला, आणि मग माझ्याकडे वळले.

“खाना कहाँ अटकता है? उँगली रखकर दिखाओ.”

मी छातीच्या हाडाच्या खालच्या टोकावर बोट ठेवलं. इतक्या महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

“पानी भी?”

“हो. कधीकधी.”

“फिर क्या करती हो?”

मी उभी राहून, खांदे मागे घेऊन मोठा श्वास घेऊन दाखवला. ते मान हलवू लागले, ओळखीचा माणूस भेटल्यासारखी. मग त्यांनी नर्सकडून पाण्याचा पेला मागवला, तपासायची नळी माझ्या बरगड्यांच्या मधोमध खाली टेकवली, डाव्या हातावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं आणि म्हणाले, “एक घूँट. अब.”

मी घोट गिळला. ते ऐकत राहिले. घड्याळ बघत राहिले. बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं. बऱ्याच वेळाने त्यांनी नळी काढली.

“दहा सेकंदांत पाणी पोटात पडल्याचा आवाज यायला पाहिजे,” ते आईला हिंदीतून समजावत म्हणाले. “इथे अर्धं मिनिट झालं, आवाज नाही. माताजी, आपकी बेटी खाने से नहीं रूठी है. दरवाज़ा ही नहीं खुल रहा.”

आईने मान खाली घातली. मला वाटलं ती रडते आहे. पण ती वर्तमानपत्राची घडी घालत होती.

दोन दिवसांनी एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत मला पांढरं, खडूच्या चवीचं दाट पाणी प्यायला दिलं. डॉक्टर आधीपासून लाल काचांचा चष्मा लावून बसले होते, डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी म्हणून. मग पडद्यावर त्यांना जे दिसलं ते त्यांनी नंतर कागदावर काढून दाखवलं. अन्ननळी फुगून वर पिशवीसारखी झाली होती आणि खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती. पोटाच्या तोंडाशी असलेला स्नायू गिळताना सैल व्हायला हवा, तो माझा होत नव्हता. म्हणून अन्न त्या पिशवीत साचून राहायचं, आणि निजलं की वर यायचं. असं का होतं ते कुणालाच नीट माहीत नाही, असंही त्यांनी सांगितलं. मी विचारलं, “दुःखामुळे होतं का?” ते म्हणाले, “नाही. दुःखामुळे होत नाही. पण झाल्यावर दुःख होतंच ना.”

त्या संध्याकाळी आईने अण्णांना पत्र लिहिलं. फक्त चार ओळींचं. शेवटची ओळ मी वाचली होती: ‘मुलगी खरं बोलत होती.’

आधी नळीचा प्रयोग झाला. रबराची, आत पारा भरलेली जड नळी गिळायची, तिच्या वजनाने पोटाचं तोंड थोडं उघडतं, मग जेवायचं. पहिल्या दिवशी मला दवाखान्यातून पळून जावंसं वाटलं. नंतर सवय झाली. महिनाभर मी हे केलं, थोडा फरकही पडला, पण वजन वाढेना. मग श्रावणाच्या शेवटी शस्त्रक्रिया झाली. पोटातून जाऊन तो घट्ट स्नायू बाहेरून उभा चिरला, आतल्या पडद्याला धक्का न लावता. अण्णा आदल्या दिवशीच आले होते. मी शुद्धीवर आले तेव्हा आई उशाशी होती आणि अण्णा खिडकीपाशी उभे राहून बाहेर बघत होते. चौथ्या दिवशी नर्सने चमच्याने पाणी दिलं. मी गिळलं आणि वाट पाहिली. काही झालं नाही. पाणी गेलं होतं. मला आधी वाटलं, मी गिळलंच नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण तसं झालं नाही.

घरी आले. दार उघडलं होतं, पण मीच आत काही पाठवेना. घास तोंडात फिरवत राहायची, गिळायचा धीर व्हायचा नाही. दोन घास नीट उतरले तरी तिसऱ्याला आता अडकणार या भीतीने मी उठायची. आणि मनगटाभोवतीची ती बोटं अजून जुळत होती. ती जुळायची बंद होतील याचीही कुठेतरी धास्ती होती. एवढी मोठी शस्त्रक्रिया होऊन मुलगी जेवत नाही, हे पाहून आई पुन्हा गप्प झाली.

जखम दाखवायला गेले तेव्हा मी हे सगळं जबलपूरच्या डॉक्टरांना सांगितलं, मनगटाचंही. वाटलं, आता हेही म्हणतील, म्हणजे मनाचंच होतं तर. त्या दिवशी त्यांच्याबरोबर तीन-चार विद्यार्थी होते. त्यांच्यातल्या एकाने विचारलंच, “सर, फिर तो ये नर्व्हस केस ही थी ना?”

“दोनों,” डॉक्टर म्हणाले. “पहले बीमारी थी. महीनों किसी ने मानी नहीं. अब बीमारी गई, डर रह गया. एक निकले तो दूसरी भी देखो. एक मिल गई तो दूसरी को ढूँढना मत छोड़ो.” मग मला म्हणाले, “जल्दी कुछ नहीं है. रोज एक निवाला ज़्यादा. बस.”

ते मी घरी येऊन सांगितलं. आत्या ऐकत होती.

भाद्रपदात बाजारात कोवळी मक्याची कणसं आली होती. दुसऱ्या दिवशी आत्याने कणसं किसून, दूध घालून, अगदी मऊ असा भुट्ट्याचा कीस केला. एका ताटलीत वाढला आणि ती माझ्यासमोर बसली. मला वाटलं, आता ‘गिळ’ म्हणणार. तिने त्याच ताटलीत हात घातला आणि पहिला घास स्वतः खाल्ला.

मला सांगायला हवं, आत्याचं सोवळं कडक होतं. ती कुणाच्या ताटात जेवलेली कुणी पाहिली नव्हती, आणि उष्टं तर तिने आयुष्यात खाल्लं नसेल. आई दाराशी येऊन उभी राहिली आणि तशीच मागे फिरली.

“मीठ जरा कमी पडलंय,” आत्या म्हणाली.

मी एक घास घेतला. मीठ बरोबर होतं. तिने माझ्या तोंडाकडे बघितलंही नाही. गवळ्याच्या म्हशीबद्दल काहीतरी सांगत राहिली. तिने एक खाल्ला, मी एक. असे आम्ही सात-आठ घास खाल्ले. मग ती हात धुवायला उठली आणि मोरीपाशी, पाठमोरी, म्हणाली, “मी तुला ‘गिळ गिळ’ म्हणत होते गं.”

“तुला कुठे माहीत होतं, आत्या?”

“सांगितलं असतंस तर माहीत झालं असतं की,” ती म्हणाली. मग स्वतःलाच दुरुस्त करत म्हणाली, “नाही. मीच विचारायला हवं होतं.”

महिनाभर आम्ही एका ताटलीत जेवलो. दिवाळीपर्यंत मी एक पोळी खाऊ लागले आणि संक्रांतीला दोन. पोलोग्राउंडच्या कारखान्यात मामा होते, त्यांच्याकडच्या मोठ्या काट्यावर त्यांनी मला उभं केलं आणि कागदावर वजन लिहून अण्णांना भोपाळला पाठवलं. डॉक्टर-बाबा एकदा घरी आले, तेव्हा त्यांनी आईला खोळीबद्दल सविस्तर विचारलं आणि वहीत टिपून घेतलं. एवढ्या वयाच्या माणसाने ते लिहून घ्यावं, याचं आईला फार अप्रूप वाटलं. त्यांच्यावरचा आमचा विश्वास तसाच राहिला.

चार वर्षांनी स्थळ आलं तेव्हा अण्णांनी बैठकीतच सगळं सांगितलं, पोटावरच्या व्रणासकट. आत्या आतून खुणा करत होती की एवढं कशाला, पण अण्णा थांबले नाहीत. मुलाची आई शाळेत शिकवायची. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे जेवायला वेळ लागतो, एवढंच ना?”

“हो,” अण्णा म्हणाले. “वेळ लागतो.”

“आमच्याकडे घाई कुणाला आहे?” ती म्हणाली.

त्या घरात मी साठ वर्षं काढली. आत्या माझ्या मोठ्या मुलीच्या बारशाला आली होती आणि पंगतीत मुद्दाम माझ्या शेजारी बसली होती. अजूनही मी सगळ्यांच्या शेवटी उठते. शेजारी पाण्याचा तांब्या लागतो, आणि प्रत्येक दोन घासांमागे एक घोट. रात्री उशीखाली आणखी एक उशी घेऊन निजते. नवरा भराभर जेवणारा आहे. तो आपलं आटोपून ताटावर तसाच बसून राहतो आणि मला दिवसभरातल्या गोष्टी सांगतो. सूनबाई माझी दुसरी पोळी आधी करतच नाही, पहिली अर्धी झाली की तवा पुन्हा ठेवते. त्यामुळे आमच्या घरात सगळ्यात गरम पोळी मला मिळते. नातवंडांची याबद्दल तक्रार आहे.